दुरून काढलेले चित्र

सेवा तनाने, मनाने आणि धनाने करायची असते असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ज्याच्या अंगात बळ आहे त्याने विहिरीतला गाळ काढावा, ज्याच्या गाठीला पैसा आहे त्याने धर्मशाळा बांधावी, आणि ज्याच्याजवळ दोन्ही नाही त्याने निदान दुसऱ्याचे बरे चिंतावे, अशी ही मोठी सोयीची वाटणी आहे. या वाटणीत कुठेच न बसणारी एक सेवा गेल्या वीसपंचवीस वर्षांत जन्माला आली आहे. पुण्यात, बंगळूरात किंवा सातासमुद्रापलीकडे राहणारा एखादा तरुण दिवसभर पगारासाठी चित्रे काढतो. साबणाची वेष्टने, बँकांच्या जाहिराती, लग्नाच्या दालनांची पत्रके. रात्री जेवण झाले की तो पुन्हा संगणकापुढे बसतो आणि ज्यांना त्याने कधी पाहिले नाही, पुढे पाहण्याचा संभवही नाही, अशा माणसांसाठी चित्रे काढतो. हात कसे धुवावेत, पाणी कसे गाळावे, लेकराला लस केव्हा टोचून घ्यावी, ऊन लागले तर आधी काय करावे. या कामाचे त्याला पैसे मिळत नाहीत. त्याच्या धंद्याचे नाव ग्राफिक डिझायनर, आणि रात्रीच्या या कामापुरते त्याला स्वयंसेवक म्हणतात.

ही मंडळी थोडीथोडकी नाहीत. संयुक्त राष्ट्रसंघाने २००० साली घरबसल्या सेवा करू इच्छिणाऱ्यांसाठी इंटरनेटवरून एक व्यवस्था सुरू केली. तिच्यात लिहिणारे आणि भाषांतर करणारे आहेत, तसे चित्रे काढणारेही आहेत. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाची साथ जगभर पसरली तेव्हा त्याच संस्थेने जगातल्या कलावंतांना जाहीर हाक दिली आणि थोड्या दिवसांत हजारो चित्रे गोळा झाली. आपल्याकडेही त्याच महिन्यात शेकडो शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन स्वयंसेवी गट उभा केला आणि अफवांना उत्तर देणारी माहिती अनेक भारतीय भाषांत तयार करून वाटली. माणसे घरात कोंडली गेली होती, हात रिकामे होते आणि मन अस्वस्थ होते. त्या अस्वस्थतेतून जे निर्माण झाले त्यातले पुष्कळसे चांगले होते, हे मी प्रथमच सांगून टाकतो. नाही तर वाचकांना वाटेल की हा म्हातारा नव्या पिढीच्या चांगुलपणावर डाफरायला बसला आहे.

माझा प्रश्न वेगळा आहे. शिंप्याने सदरा बिघडवला तर आपण त्याला बोलू शकतो, कारण आपण शिलाई मोजलेली असते. पगारी माणसाला धनी जाब विचारतो. पण जो फुकट देतो, स्वखुशीने देतो, रात्रीची झोप मोडून देतो, त्याला जाब विचारायचा अधिकार कोणाला? दानाच्या गाईचे दात मोजू नयेत अशी आपल्याकडे म्हणच आहे. गाय दुभती नसली तर घेणाऱ्याचे थोडे दूध बुडते, इतकेच. पण जे दान दुसऱ्याच्या देहाविषयी बोलते, पाणी पी किंवा पिऊ नकोस, औषध घे किंवा घेऊ नकोस असे सांगते, त्या दानाचेही दात मोजायचे नाहीत काय?

या प्रश्नाआधी एक जुना आक्षेप बाजूला करायला हवा. काही लोक म्हणतील, मुळात ही सेवाच नव्हे. सेवेला स्पर्श लागतो. सेवाग्रामच्या आश्रमात गांधीजींनी परचुरेशास्त्र्यांच्या कुष्ठरोगाने झडलेल्या अंगाला स्वतःच्या हातांनी मालिश केली. सेवा म्हणावी ती ही. थंड खोलीत बसून चित्र काढणाऱ्याच्या हाताला ना घाम ना पू. हा आक्षेप ऐकायला भारदस्त आहे, पण तो मला पटत नाही. स्पर्शाची सेवा एका माणसापर्यंत पोहोचते, शब्दाची आणि चित्राची लाखांपर्यंत. आणि काही गोष्टी अशा असतात की त्या जवळच्या माणसाला बोलताच येत नाहीत. गावातल्या डॉक्टरला जे विचारायला जीभ रेटत नाही, ते दूरच्या अनोळखी माणसाला विचारता येते. दूरपणाची ही सोय लहान नाही.

याचा दाखला शोधायला मराठी माणसाला परदेशात जाण्याचे कारण नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ च्या जुलैपासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. १९५३ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, ते हे मासिक पदराला खार लावून काढत होते. आजच्या भाषेत बोलायचे तर आरोग्यसंदेशाचे ते स्वयंसेवकच होते, आणि त्यांचे बहुतेक वाचक त्यांना कधीच भेटले नाहीत. मात्र एक गोष्ट त्यांनी केली. मासिकावर स्वतःचे नाव घातले, पत्ता घातला, आणि वाचकांच्या प्रश्नांसाठी जागा ठेवली. लोक लिहीत. जे घरात, वैद्यापाशी, मित्रापाशी बोलता येत नव्हते ते लिहीत, आणि कर्वे रोखठोक उत्तरे देत. या उत्तरांपायीच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि १९३४ साली डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. मासिकाच्या मुखपृष्ठांवरून आणि मतांवरून आजही वाद घालता येईल. पण दुरून बोलणाऱ्या माणसाने दार उघडे ठेवले होते, त्या दारातून कोणीही आत येऊन त्याला अडवू शकत होते, याबद्दल वाद नाही. म्हणून मला अंतराची भीती वाटत नाही. भीती वाटते ती एकाच बाजूने उघडणाऱ्या दाराची.

आमच्या धर्माबादेत हे दार कसे उघडते ते सांगतो. ज्यांनी धर्माबाद पाहिले नसेल त्यांच्यासाठी एवढे पुरे की नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेच्या टोकाला, मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्गावर, तेलंगणाला खेटून हे गाव वसले आहे. लाल मिरचीच्या बाजारासाठी त्याची ख्याती आहे. पलीकडे थोड्या अंतरावर बासरची सरस्वती आहे आणि अलीकडे गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. त्या बंधाऱ्याच्या पाण्यावरून महाराष्ट्र आणि तेव्हाचे आंध्र प्रदेश सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडले आणि २०१३ साली निकाल लागला. उन्हाळा मात्र दोन्ही तीरांवर सारखाच पडतो, त्याची दाद कुठल्या न्यायालयात मागायची ते कोणी सांगितलेले नाही. भाषेचे म्हणाल तर इथे घरोघर मराठी आहे, पुष्कळ घरांत तेलुगू आहे, बाजारात दखनी उर्दू आहे. १९४८ पूर्वी, निजामाच्या राज्यात, सरकारी कारभार उर्दूतून चाले, तेव्हा भिंतीवरचा हुकूम बहुसंख्य लोकांना कोणी तरी वाचून दाखवावा लागे. मग मराठी आली. मराठी न वाचू शकणाऱ्यांना अजूनही कोणी तरी वाचून दाखवावेच लागते.

अशा गावात भिंतीवरचे चित्र हा गमतीचा विषय राहत नाही. लाल त्रिकोण आठवत असेल. कुटुंबनियोजन खात्यातले अधिकारी दीप त्यागी यांनी १९६० नंतरच्या दशकात तो देशाला दिला. उलटा लाल त्रिकोण, सोबत आईबाप आणि दोन मुलांचे हसरे चेहरे. अक्षरशत्रू माणसालाही कळावे इतके ते सोपे होते. त्यागी १९६९ साली वारले. पुढे आणीबाणीत, १९७५ ते १९७७ या काळात, नसबंदीची सक्ती झाली आणि तोच त्रिकोण पाहून माणसे रस्ता बदलू लागली. रेषा तीच, रंग तोच. चित्र कोणाच्या हातात पडेल यावर चित्रकाराची सत्ता चालत नाही, हे खरे. पण आपल्या चित्राकडे आज लोक कोणत्या नजरेने पाहतात हे विचारत राहण्यापासून तर त्याला कोणी अडवलेले नसते.

धर्माबादची एक मुलगी माझ्या ओळखीची आहे. नाव सांगण्याचे कारण नाही. पुण्यात एका कंपनीत ती चित्रे काढण्याचे काम करते. एका संस्थेने उष्माघातापासून सावध करणारी भित्तिपत्रके करायला स्वयंसेवक मागितले, तेव्हा हिने आपणहून काम घेतले. गावाकडचा उन्हाळा तिला कोणी शिकवायला नको होता. तिने आठ रात्री खपून एक पत्रक केले, आणि ते दिसायला खरोखर सुरेख होते. झाडाच्या सावलीत बसलेली बाई, हातात सरबताचा पेला, पेल्याच्या काठावर लिंबाची चकती, वर भुवया वर चढवलेला सूर्य, शेजारी तापमापी, आणि कोपऱ्यात लक्ष वेधून घेणारे जाड, तिरपे, लालभडक उद्गारचिन्ह. खाली वळणदार अक्षरांत लिहिले होते की दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका. संस्थेतल्या सर्वांनी वाहवा केली. प्रशस्तिपत्रही आले.

इथे थोडे थांबले पाहिजे. ज्यांनी वाहवा केली त्यांच्यापैकी एकालाही त्या पत्रकाची गरज नव्हती. त्यांना उष्माघात म्हणजे काय ते आधीच ठाऊक होते. त्यांनी चित्रात आपलेच ज्ञान पाहिले आणि ते ओळखून आनंदित झाले. आरोग्याच्या पुष्कळशा पत्रकांची हीच गत होते. शहाणी माणसे ती काढतात, शहाणी माणसे ती पसंत करतात, आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप त्याची गाठ पडते ती भिंतीला डिंक लागल्यानंतर. दुरून काम करणाऱ्याच्या बाबतीत तर ही गाठ पडतच नाही. शाळेतल्या मास्तरला समोरच्या पोराच्या चेहऱ्यावरून कळते की आपले सांगणे डोक्यावरून गेले. संगणकाच्या पडद्याला चेहरा नसतो.

त्या मुलीने एक गोष्ट चांगली केली. पत्रक छापायला जाण्यापूर्वी तिने ते आईच्या फोनवर पाठवले. आईच्या शेजारपाजारच्या काही बाया मिरची निवडण्याच्या कामाला जातात. आईने त्यांना ते दाखवले, आणि त्या काय बोलतात ते मुलीला पुण्यात ऐकू जाईल अशा बेताने फोन धरून ठेवला. पहिलीने विचारले, “ही बाई कोण? मास्तरीण दिसायली.” दुसरीला पेल्याच्या काठावर काय बसले आहे ते कळेना. तापमापीकडे कोणाचे लक्षच गेले नाही. मग एकीने त्या लाल उद्गारचिन्हावर बोट ठेवले. वर जाड, खाली निमुळते, टोकाशी एक ठिपका. “ही मिरची हाय. उन्हाळ्यात मिरची खाऊ नका म्हणायलेत का? मग आम्ही पोट कशावर भरावं?” सगळ्या हसल्या. पुण्यात ती मुलगीही हसली असेल, पण फार वेळ नाही. कारण त्यांच्यातल्या एका वयस्कर बाईला मजकूर वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, “बारा ते चार घरी बसा म्हणायलेत. बरंच हाय. पण हे मुकादमाला दाखवलं का?”

मिरचीचा घोटाळा ही चित्राची चूक. ती एका रात्रीत दुरुस्त होते. मुकादमाचा प्रश्न चित्रकलेचा नाही. ज्या बाईला रोजावर जायचे आहे तिला घरी बसा असे सांगणे म्हणजे, तुझ्या आजाराला तूच जबाबदार आहेस, असे गोड शब्दांत सांगणे होय. कामाची वेळ तिच्या हातात नाही. सावलीची ताडपत्री तिच्या हातात नाही. पाण्याचा माठ कुठे ठेवायचा हेही तिच्या हातात नाही. ज्याच्या हातात या गोष्टी आहेत त्याच्याविषयी पत्रक मौन पाळते. चित्रात ज्याला दाखवले नाही तो सुटला! मला वाटते, आरोग्याच्या चित्रातला खरा नैतिक प्रश्न हा आहे. ते कोणाकडे बोट दाखवते? गरिबाकडे बोट दाखवणे सर्वांत सोपे, कारण तो पत्रक फाडायला येत नाही आणि संस्थेला देणगी देणाऱ्यांतही तो नसतो.

२०२० मध्ये हे आपण डोळ्यांनी पाहिले. अंतर राखा, दूर राहा, अशा चित्रांचा पूर आला. चित्रे चुकीची नव्हती. पण मुंबई-पुण्याहून पायी परतणाऱ्या आपल्याच माणसांना अडवण्यासाठी गावोगाव रस्त्यांवर काटेरी फांद्या पडल्या. आपली लढाई रोगाशी आहे, रोग्याशी नाही, अशी आठवण मग फोनवरच्या सरकारी ध्वनिफितीतून पुनःपुन्हा करून द्यावी लागली. ज्याने घरी बसून विषाणूचा तो काटेरी लाल गोळा रंगवला त्याला काटेरी फांद्या दिसल्या नसतील. त्याच्यावर खापर फोडण्यात अर्थ नाही. पण त्याने भीती रंगवली होती, आणि भीती किती द्यायची याचे माप त्याच्याजवळ नव्हते. कुष्ठरोगाच्या बाबतीतही आपण हेच केले. झडलेली बोटे दाखवून लोकांना दवाखान्यात आणायला निघालो आणि ती चित्रे पाहिलेल्या लोकांनी रोग लपवला.

चित्राने सांगण्याऐवजी विचारले तर काय होते, याचे मला फार आवडणारे उदाहरण देवीच्या निर्मूलनातले आहे. १९७३ पासून देशभर घरोघर शोध घेणारे कार्यकर्ते खिशात एक कार्ड बाळगत. त्यावर देवी आलेल्या मुलाचे छायाचित्र असे. कार्यकर्ता ते दाखवून एवढेच विचारी की असा आजार कुठे पाहिलात का. उपदेश नाही, धाक नाही. ज्याला विचारले तो अडाणी ठरत नव्हता, उलट माहीतगार ठरत होता. त्याच्या उत्तरावर पुढचे पाऊल अवलंबून होते. १९७५ साली देशातला देवीचा शेवटचा रोगी नोंदला गेला. लस टोचणाऱ्यांचे श्रेय मोठे आहेच. पण ज्या चित्राने लोकांना आधी बोलते केले त्या चित्राची आठवण आपण ठेवत नाही, कारण ते भिंतीवर नव्हते, हातात होते.

व्हिएन्नाच्या ऑटो नॉयराथ याने १९२५ साली एक संग्रहालय काढले आणि आकडे व समाजजीवन चित्रांतून सांगायची पद्धत घडवली. तज्ज्ञ आणि चित्रकार यांच्यामध्ये त्याने तिसरा माणूस बसवला. तज्ज्ञाचे म्हणणे समजून घ्यायचे आणि त्यातले सामान्य माणसापर्यंत काय व कसे न्यायचे ते ठरवायचे, हे त्याचे काम. या माणसाला नॉयराथ जनतेचा विश्वस्त म्हणत असे. शब्द पाहा. सेवक नाही, दाता नाही, विश्वस्त. विश्वस्ताला पगार असो वा नसो, हिशेब द्यावाच लागतो. हे काम वर्षानुवर्षे करणारी मारी नॉयराथ पतीच्या मृत्यूनंतर, १९५० नंतरच्या दशकात, पश्चिम नायजेरियाच्या सरकारसाठी पुस्तिका करू लागली तेव्हा लंडनमध्ये बसून राहिली नाही; तिकडे गेली, माणसे पाहिली, आणि व्हिएन्नात घडलेली चिन्हे तिथल्या पोशाखाप्रमाणे आणि घरांप्रमाणे बदलून घेतली. चित्राची भाषा सगळ्या जगाची एक, असे मानणाऱ्या परंपरेतली ही बाई. तिलाही वेस ओलांडल्यावर शब्दकोश बदलावा लागला.

आता सर्वांनाच विमानाने नायजेरियाला किंवा रेल्वेने धर्माबादला जाता येणार नाही, हे उघड आहे. पण हिशेब देण्यासाठी जावेच लागते असे नाही. बांगलादेशातल्या ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८० पासून दहा वर्षे घरोघर जाऊन हगवणीवरचे मीठगुळाचे पाणी शिकवले. तीन बोटांच्या चिमटीतले मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. एक कोटीहून अधिक घरांत हे शिक्षण गेले. यात खरी हुशारी पाकक्रियेची नव्हती, मेहनतान्याची होती. शिकवणाऱ्या बाईला मेहनताना तिने किती घरे केली यावर मिळत नसे. काही दिवसांनी दुसरा माणूस त्यांतल्या काही घरी जाई, आईला काय आठवते ते विचारी, तिच्याकडून पाणी करवून घेई, आणि आईच्या लक्षात जितके राहिले असेल तितका शिकवणारीला मोबदला मिळे. शहाणपण कोणाच्या डोक्यात आहे हे न पाहता कोणाच्या घरात उरले हे पाहणारा असा हिशेब मी दुसरा ऐकलेला नाही. आपल्या स्वयंसेवक चित्रकाराला मेहनताना नाही, म्हणून हा हिशेब त्याला लागू नाही असे कोणी म्हणेल. मला उलट वाटते. पगारी माणसाकडे निदान पगार कापला जाण्याची भीती असते. ज्याला कापायला काही नाही, त्याने हा हिशेब आपणहून मागून घेतला पाहिजे.

आपल्या परंपरेत गुप्तदानाला मोठा मान आहे. देणाऱ्याचे नाव कळू नये, घेणाऱ्याला मिंधेपणा वाटू नये, हा त्यातला हेतू सुंदर आहे. पण पैशाच्या दानाचा हा नियम शब्दाच्या दानाला जसाच्या तसा लावला की घोटाळा होतो. निनावी पैसा खोटा नसतो. निनावी सल्ला खोटा असू शकतो, आणि तो खोटा निघाल्यावर धरायचे कोणाला? ज्या भित्तिपत्रकावर कोणाचे नाव नाही आणि विचारायला फोन नाही ते विनयाचे लक्षण समजू नये. गीतेने सात्त्विक दानाची व्याख्या करताना देश, काल आणि पात्र पाहायला सांगितले आहे, आणि परतफेडीची अपेक्षा ठेवू नये असेही सांगितले आहे. आपण दुसरी अट पाठ केली आणि पहिली विसरलो. दुरून देणाऱ्याला नेमका देश दिसत नाही, काल कळत नाही आणि पात्र ओळखता येत नाही. म्हणून त्याने विचारले पाहिजे. परतफेड नको असणे आणि उत्तर नको असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मला काही नको, असे म्हणणाऱ्याच्या निःस्वार्थीपणात पुष्कळदा, मला काही ऐकवू नका, असा भाव लपलेला असतो.

आणखी एक गोष्ट जाता जाता. हे पत्रक शेवटी कोणाच्या हातात जाते? आशाताईंच्या. उन्हातान्हात दारोदार तीच फिरते, तुटपुंज्या मानधनावर, आणि चित्र कळले नाही तर बोलणी तीच खाते. चित्रकाराला प्रशस्तिपत्र आणि आशाताईला शिव्या, अशी ही वाटणी आहे. चित्र काढण्याआधी दोन प्रश्न एखाद्या आशाताईला विचारले असते तर किती रात्री वाचल्या असत्या, याचा विचार स्वयंसेवकांनी आणि त्यांच्या संस्थांनी करायला हरकत नाही. तीही जवळजवळ स्वयंसेवकच आहे, फक्त तिला दुरून काम करण्याची सोय नाही.

तर त्या मुलीने पत्रक मोडले आणि पुन्हा केले. या वेळी एकाऐवजी दोन केले. पहिल्यात डोक्यावर पदर घेतलेली बाई आहे, मातीचा माठ आहे, तांब्या आहे, मीठसाखरेची चिमूट आणि मूठ आहे. भोवळ येऊन पडलेल्या सोबतिणीला तिघी मिळून सावलीत नेत आहेत, अंगावर ओले फडके ठेवून वारा घालत आहेत, आणि एकजण १०८ वर फोन लावते आहे. लाल रंग तिने जपून, एकाच ठिकाणी वापरला. दुसरे पत्रक मुकादमासाठी आणि मालकासाठी आहे. पहाटे काम सुरू करा, दुपारी सुटी द्या, ताडपत्री बांधा, पाणी जवळ ठेवा. पहिले संस्थेने छापले. दुसरे आमच्या कामाच्या कक्षेत बसत नाही असे कळवले. मुलीच्या आईने त्याच्या दहा प्रती झेरॉक्स करून आणल्या आणि बाजाराच्या वाटेवर, जिथे सकाळी मुकादम उभे राहतात त्या चहाच्या टपरीवर, टपरीवाल्याला विचारून लावल्या. दोन दिवसांत त्यांतल्या चार फाटल्या. मुलीच्या मते हे चांगले लक्षण आहे. निदान कोणी तरी वाचले.

आता ती पहिले पत्रक तेलुगूत करते आहे. तिला तेलुगू बोललेले थोडे कळते, लिपी येत नाही. एका ओळखीच्याने लिहून दिलेला मजकूर तिने अक्षर न अक्षर नक्षीसारखा उतरवून घेतला, गोल गोल वळणे नीट बसवली, ओळी सारख्या केल्या. आपण काय लिहिले आहे ते तिला स्वतःला वाचता येत नाही. आईच्या शेजारी बासरकडून लग्न होऊन आलेली एक म्हातारी आहे; तिलाही वाचता येत नाही, पण तिची नात पलीकडच्या शाळेत तेलुगू शिकते आणि सुटीत आजीकडे येते. नातीने वाचायचे, आजीने ऐकायचे आणि कळले काय ते आईला सांगायचे, असे ठरले आहे. शाळेला सुटी लागायला अजून आठ दिवस आहेत, आणि पत्रक तोवर मुलीने छापायला दिलेले नाही.